बेटावर कुणी उतरायचं नाही

“चपला काढून हातात घ्या,” मी म्हणाले. “हा गाळ माणसाला सोडतो, पण चप्पल ठेवून घेतो.”

पुण्याहून आलेली मंडळी हसली आणि वाकून चपला काढू लागली. एप्रिलमधली सकाळ होती, ऊन अजून कोवळं होतं. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाईल एवढं पाणकणीस आणि मधून पायवाट. आमच्या वाळुंब्याच्या पाणथळ फेरीचं नाव तेव्हा नुकतं कुठं होऊ लागलं होतं. रविवारी शहरातली माणसं यायची. मी त्यांना बांधापर्यंत न्यायची, पाखरं दाखवायची, जाता जाता गावाची हकिकत सांगायची. बालवाडीची नोकरी संपल्यावर माझ्याकडे वेळच वेळ होता. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. घरी थांबून तरी काय करायचं?

बांधावर पोचल्यावर मी तिकाटण्यावर मोठी दुर्बीण लावली.

“हे समोर दिसतंय ते सगळं धरणाचं पाणी. आमचं जुनं गाव याच्याखाली आहे. दर उन्हाळ्यात पाणी हटतं आणि मधलं बेट उघडं पडतं. यंदा धरण तळाला गेलंय, म्हणून एवढं मोठं दिसतंय. आम्हीसुद्धा गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच बघतोय. तो चौथरा दिसला का? दत्ताचा पार. त्याच्या डावीकडं शाळा होती, उजवीकडं आमची आळी.”

“बेटावर जाता येतं का?” एका गृहस्थांनी विचारलं.

“होळीपासून पाऊस पडेपर्यंत नाही. त्या वाळूवर नदीसुरय अंडी घालतात. घरटं नाही, काडी नाही, उघड्यावर. माणूस उतरला की पाखरं उठतात, आणि पाखरू उठलं की अंडं उन्हात भाजतं. सगळ्या गावानं साती आसरांच्या दगडांवर हात ठेवून शपथ घेतलीय, घरटी एक नारळ देऊन. बेटावर कुणी उतरायचं नाही.”

“आन नदीची उतरण?” रांगेच्या शेवटाकडून आवाज आला. “ती न्हाई दावत व्हय लोकांना?”

मी वळून पाहिलं. माझी थोरली जाऊ, हौसाक्का, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी घेऊन उभी होती. पातळ गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पुण्याहून पहाटेच्या एसटीनं आली होती आणि घरी न जाता सरळ फेरीच्या रांगेत शिरली होती. माझं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं.

“अक्का, तुम्ही? कळवायचं तरी.”

“कळवून काय व्हणार? पेपरात फोटू आला. पार दिसला, आले.” तिनं डोळ्यांवर हात धरून बेटाकडं पाहिलं. “ह्या लोकांचं उरक आधी.”

मी उरकलं. हळदीकुंकू बदकं दाखवली, त्यांच्या चोचीवरचा पिवळा आणि लाल ठिपका दाखवला. पण त्या दिवशी काय बोलत होते ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं. अक्का बांधाच्या दगडावर बसून होती. ती का आली होती हे मला तिनं सांगायच्या आधीच कळलं होतं.

हौसाक्काला पहिला मुलगा झाला तेव्हा मी त्या घरात नवीच आले होते. बारशाला त्याचं नाव सोपान ठेवलं. रांगायच्या आधीच तो तापानं गेला. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावात तशी जागा होती, नदीच्या उतरणीवर, घाटाच्या वरच्या अंगाला. पुरुष त्याला घेऊन गेले आणि हातपाय धुऊन आले. आईनं जायचं नसतं. अक्काला तर आत्याबाईंनी, आमच्या सासूबाईंनी, खोलीच्या बाहेरही येऊ दिलं नव्हतं. पुढं तिला दोन मुली झाल्या. मग धरण आलं, गाव उठलं, थोरले दीर कारखान्यात लागले आणि ते कुटुंब पुण्याला गेलं. आम्ही नव्या वाळुंब्यात राहिलो. उतरण पाण्याखाली गेली ती त्या उन्हाळ्यापर्यंत वर आली नव्हती.

घरी मी चूल पेटवली. अक्का भिंतीला टेकून बसली.

“अनसा, मला पलीकडं ने.”

“अक्का, मगाशी ऐकलंत ना?”

“ऐकलं. पाखरांची अंडी हायत. आन माझा सोपान हाय.”

मी भाकरी थापत राहिले.

“न्हेम कुणी केला?”

“आम्हीच. सगळ्या गावानं.”

“त्यात तू हुतीस?”

“मीच पुढं होते.”

“मग झालं तर. केलास तूच, मोड तूच.”

“असं नसतं. लहानू भोयाची मासळी सुकवायची जागा त्या बेटावर होती, धरण झाल्यापासून. त्यानं सोडली. शेळ्या नेणाऱ्यांनी शेळ्या नेणं सोडलं. आता माझ्या घरचं माणूस उतरलं तर त्यांना काय तोंड दाखवू?”

“मी काय मासळी सुकवाया चालले व्हय?” अक्काचा आवाज चढला. मग खाली आला. “मला जागासुदिक नको गं नेमकी. जागा ठावी असणारी समदी माणसं गेली. मामंजी गेले, ह्ये गेले. तिथं नुसतं हुबं ऱ्हायचंय. उद्या धरण भरलं की परत कवा उघडं पडंल? आन तवर मी हाय का?”

मी भाकरी तव्यावर टाकली. तिला पाणी लावलं.

“पाखरांची माया आली तुला,” ती म्हणाली. “तुला काय कळणार म्हणा. तुला जर…”

पुढचं तिनं गिळलं. पण ते मला ऐकू आलंच. आम्ही दोघी जेवलो. ताट धुताना ती म्हणाली, “मी तात्याकडं जाते.”

माधवतात्या आमच्या राखण मंडळाचे अध्यक्ष. तोंडानं फटकळ, मनानं मऊ. दिवेलागणीला मारुतीच्या कट्ट्यावर मंडळी जमली. अक्कानं फार काही सांगितलं नाही. “माझं पोर हाय तिथं. यकदा बघून येते,” एवढंच. कट्ट्यावर तंबाखू मळणारे हात थांबले.

मला वाटलं होतं, लहानू भोई आडवा येईल. तोच आधी बोलला.

“मी नेतो. उजाडायला होडी लावतो.”

“लहानू,” मी म्हणाले, “तू तुझी जागा सोडलीस त्या बेटावरची.”

“सोडली. पर मासळी आन लेकरू यकच का, बाई?”

“तसं नाही म्हणत मी. एकदा नियम वाकला की…”

“वाकू दे की,” तात्या म्हणाले. “मोडत तर न्हाई? वाकल्याली काठी सरळ व्हती. तुम्ही बालवाडीत पोरांना हेच शिकवलं आसंल.”

मंडळी हसली. तात्यांनी मग नीट ठरवलंही. एकच होडी. त्यात लहानू, अक्का आणि मी. पाराच्या बाजूनं उतरायचं, तिकडं अंडी कमी होती. ऊन चढायच्या आत परत यायचं. गारव्यात पाखरं थोडा वेळ उठली तर अंड्यांना काही होत नाही, हे मीच त्यांना कधीतरी सांगितलं होतं. मी होकाराची मान हलवली.

तेवढ्यात गुरव म्हणाला, “पर तात्या, शपथ घरटी घेतलीया. सोडवायची तर घरटी नारळ लागंल. त्याबिगर होडी घातली आन आसरांनी कुणाला वढलं, तर माझ्या डोक्यावर नको.”

“बरोबर हाय,” सगळे म्हणाले. पाण्याच्या देवता त्या. बुडालेल्या गावातल्या माणसांनी त्यांना दुखवायचं धाडस कोण करील? मलाही ते बरोबरच वाटलं. गुरव लगेच उठला आणि दारोदार सांगत गेला, सकाळी नव्या घाटावर नारळ आणा, हौसाबाईसाठी आसरांची शपथ सोडवायची आहे.

सकाळी अक्का न्हाऊन, धुतलेलं पातळ नेसून तयार होती. पिशवीत तिनं दही-भात बांधून घेतला होता, आणि लहान मुलाचं एक झबलं. झबलं नवं होतं, पुण्याच्या बाजारातलं, गळ्याला चिकटवलेली चिठ्ठीही काढलेली नव्हती. मी ते पाहिलं हे तिला कळलं. तिनं पिशवीचं तोंड आवळलं.

आम्ही घाटाच्या वळणावर आलो आणि थबकलो.

सगळं गाव घाटावर होतं. नारळ होतेच, पण नारळाबरोबर ताटं होती, हिरवे खण होते, नैवेद्याचे डबे होते. म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणलं होतं. एकाला तर बाजेवर घालून आणलं होतं. चिपट्यांच्या घरच्यांनी बोलावलेला न्हावीसुद्धा पेटी घेऊन उभा होता.

“ह्यो कशाला?” तात्या ओरडत होते.

“नातवाचं जावळ काढायचंय. जुन्या देवापाशी नवस बोललाय.”

“अरे, यकीसाठी ठरलंय! हौसाबाईसाठी!”

“ठरिवलं कुणी? नारळ तर आमच्याकडनं मागितला.”

“तात्या, आमचा उंबरा दिसतोय तिथनं. कुंकू लावून मागारी येते, पाय बी टेकवत न्हाई.”

“पाय न टेकवता कुंकू कसं लावशील, उडून?”

“माझ्या सासऱ्यानं हीर खणली तिथं. म्हाताऱ्याला दावतो आन आणतो.”

“हौसाबाईचं लेकरू, मग आमची काय दगडं?”

यात खोटं बोलत होतं कोण? कुणीच नाही. प्रत्येकाचं काहीतरी त्या गाळाखाली होतं आणि ते तिथं समोर उघडं पडलं होतं. वर्षानुवर्षं ही माणसं होळीनंतर बेटाकडं पाठ करून जगत आली होती, कारण कुणालाच जायची परवानगी नव्हती. आता एकीला ती मिळाली होती आणि तिच्यासाठी नारळ मागायला गुरव त्यांच्याच दारात आला होता. मग त्यांना तरी कोण अडवणार?

मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी राहून ओरडले, “ऐका! एकदा ऐकून तर घ्या!” बालवाडीतली पोरं ऐकायची तसं इथं कुणीच ऐकलं नाही.

सूर्य वर आला. गर्दीत कुणीतरी लहानूच्या भावाची होडी ढकलली. चार-पाच जण उड्या मारून तिच्यात बसले. एकाच्या हातात ताट होतं, ते कलंडलं, फुलं पाण्यावर पसरली. होडी बेटाच्या रोखानं निघाली, आणि ती अर्ध्यावरही गेली नसेल तोच पाखरं उठली. सगळी एकदम. बेटावरून राखेचा लोट उठावा तशी. त्यांचा कालवा घाटापर्यंत ऐकू येऊ लागला. दोन कावळे तेवढ्यात बाभळीवरून निघाले आणि बेटाकडं गेले.

अक्का घाटाच्या खालच्या पायरीवर होती. तिच्याजवळ शेवंताबाई येऊन उभी राहिली. अक्काच्याच वयाची, जुन्या गावात पलीकडच्या आळीतली. हातात नारळ होता, दुसरं काही नव्हतं.

“हौसे, माझ्या दोन पोरी हायत तिथं,” शेवंताबाई म्हणाली. भांडायच्या सुरात नाही. “मला कुणी इचारलं न्हाई गं कवा.”

अक्कानं तिच्याकडं पाहिलं.

“माझा पयला,” मागून कुणीतरी म्हणालं. चिपट्यांची म्हातारी होती ती, जावळाच्या नातवाला कडेवर घेतलेली. तिच्यामागं आणखी एक बाई उभी होती, तिनं पदर तोंडावर घेतला.

अक्का एकेकीकडं बघत राहिली. मला वाटतं, इतकी वर्षं तिच्या मनात त्या उतरणीवर एकच लेकरू होतं.

“अनसा,” तिनं वळून विचारलं, “ती पाखरं अशी किती वेळ वर ऱ्हातात?”

“माणसं खाली असेपर्यंत.”

“आन अंडी?”

मी वर सूर्याकडं पाहिलं. ऊन आता पाठीला लागत होतं. तिनंही मान वर करून सूर्याकडं पाहिलं.

मग ती पायरीवरून सरळ पाण्यात उतरली. नुकतं धुतलेलं पातळ, त्यासकट. लहानूची होडी खुंट्याला बांधलेली होती, तिची दोरी तिनं धरली आणि काठाच्या चिखलात चक्क बसकण मारली.

“लहानू, ती होडी मागारी बोलीव. मी जात न्हाई.”

“अक्का, तुमच्यासाठी तर एवढं सगळं…” मी म्हणाले.

“म्हणूनच सांगते. मला न्हाई जायचं. बोलीव तिला.”

लहानूनं तोंडाशी हात धरून अशी हाक दिली, की होडीतल्या वल्हे मारणाऱ्यानं हात थांबवला. घाटावरची गडबडही ओसरली. लोक पुढं येऊन चिखलात बसलेल्या अक्काकडं बघू लागले.

“आसं कसं?” एकजण म्हणाला. “शपथ सुटली की आता.”

तात्यांना काय सुचलं कोण जाणे. ते पाण्याच्या कडेला आले आणि काठी आपटून म्हणाले, “कशी सुटली? नारळ कुणाच्या नावानं मागिटले? हौसाबाईच्या. ती बाई जात न्हाई म्हणती. म्हंजी शपथ जाग्यावर हाय. नारळ हितंच फोडा.”

“पुण्याला जाऊन लई शानी झालीया,” मागून एका बाईनं टोमणा मारला.

“आन जावळाचं काय?” न्हाव्यानं विचारलं.

“हितंच काढ. पाणी त्येच हाय.”

यावर थोडे हसले, थोडे हसले नाहीत. होडी परत आली. नारळ आसरांच्या दगडांपाशी फुटू लागले. बाजेवरच्या म्हाताऱ्याला तोंड बेटाकडं येईल असं फिरवून धरलं, मग घरी नेलं. बराच वेळ धुसफूस चालू होती. काही माणसं पुढं वर्षभर माझ्याशी धड बोलली नाहीत. शेवंताबाई आणि त्या दोघी मात्र अक्काजवळ बसून राहिल्या. उन्हानं बसवेना तेव्हा एकेक उठून गेली.

मी अक्काला हाताला धरून उठवलं. पातळ चिखलानं जड झालं होतं.

“बांधावर चला,” मी म्हणाले.

“आता कशाला?”

“चला तर.”

बांधावर मी दुर्बीण लावली. पाखरं एव्हाना खाली आली होती. मी आधी पार धरला. पारावरून खाली उतरत गेले, जुन्या घाटाच्या फुटक्या पायऱ्यांपर्यंत, तिथून किंचित वर. वाळलेल्या चिंचेचं खोड गाळातून वर आलं होतं. त्याच्या अलीकडच्या अंगाला एक नदीसुरय बसली होती. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच उन्हानं उघडी पडलेली.

“बघा. खोडाच्या अलीकडं, ते पाखरू बसलंय ना? ती जागा.”

अक्कानं डोळा लावला. एक डोळा मिटायला तिला जमेना, तेव्हा मी माझ्या तळव्यानं तो झाकला.

“दिसली?”

“पाखरू दिसलं. जागा कंची म्हणालीस?”

“ती बसलीय तीच.”

अक्कानं डोळा काढला. “तुला काय ठावं? पुरुष गेल्ते.”

“पुरुष एकदाच गेले, अक्का.”

ती माझ्याकडं बघत राहिली.

“तुम्हाला पान्हा यायचा,” मी म्हणाले. “आत्याबाई संध्याकाळी वाटी घेऊन तुमच्या खोलीत यायच्या. आठवतं?”

“वाटी…” ती म्हणाली. “पिळून दे म्हणायच्या. छाती दगड झालेली आसायची. मी द्यायची. मला वाटायचं, परसात वतत आसतील.”

“आपल्या घरात तसं नव्हतं. आईचं दूध भलतीकडं टाकायचं नाही, ज्याचं त्याला पोचवायचं, असं त्या म्हणायच्या. मामंजींनी मला एकदा लांबून जागा दाखवली. मग मीच जायची.”

“तू?”

“लेकुरवाळीनं जायचं नाही म्हणत. घरात मीच होते बिनलेकराची.”

अक्का बांधाच्या दगडावर बसली. चिखल वाळून तिच्या हातांवर पांढरा होऊ लागला होता.

“किती दिस?”

“दूध आटेपर्यंत.”

“नवी नवरी तू. दिवस बुडताना, मसणवट्याच्या वाटंनं. भ्या न्हाई वाटलं?”

“वाटायचं. पण वाटी रिकामी करूनच यायला लागायचं. आत्याबाई वाटीत बोट फिरवून बघायच्या.”

“मला कवा सांगितलं न्हाईस.”

“तुम्हाला सांगायचं नाही अशी ताकीद होती. नंतर तुम्ही कधी त्याचं नावच काढलं नाही. मग मीही नाही काढलं.”

तिच्या कपाळावर आठी पडली. ती काहीतरी जुळवत होती. “म्हणून आत्याबाई माघारी म्हणायच्या, की हिची कूस…”

याही वेळी तिनं पुढचं गिळलं. मी पाण्याकडं बघत राहिले. सासूबाई ते माझ्या माघारीच नाही, समोरही म्हणायच्या. ‘तिन्हीसांजेला नको तिथं फिरायची, मग कूस कशी धरणार?’ पाठवायच्या त्याच, हे कुणाला माहीत होतं? मला, त्यांना आणि देवाला. त्यांनी मनापासून तसं धरलं होतं की नुसतं बोलायला एक कारण सापडलं होतं, ते मला कधी कळलं नाही. मी उलटून बोलले नाही. एक वेळ तर मलाही ते खरं वाटायचं.

“वतताना काय म्हणायचीस का?” अक्कानं विचारलं. “का नुसतंच?”

“म्हणायची.”

“काय?”

“आईनं पाठवलंय, पी.”

अक्कानं पिशवीतलं झबलं काढलं, मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हातांनी त्याच्या सुरकुत्या काढत बसली. मग उठून तिनं आपण होऊन दुर्बिणीला डोळा लावला. या खेपेला दुसरा डोळा तिनं स्वतःच्या हातानं झाकला.

“ती हलत न्हाई गं,” बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

“दुपारी हलत नाहीत. बूड टेकवत नाहीत पुरतं, अधांतरी बसतात, खाली सावली राहावी म्हणून. जोडीदार पाण्यात पोट भिजवून येतो, मग ही उठते आणि तो बसतो.”

“आला बघ. आला.” ती पुटपुटली. “बसला.”

कितीतरी वेळ ती तशीच वाकून उभी होती. मी छत्री धरली. शेवटी तिची कंबर भरली, तेव्हा ती बाजूला झाली आणि डोळे पुसत म्हणाली, “आता तू बघ.”

“मी रोज बघते, अक्का.”

“रोज?”

“पाणी असलं तरी.”

तिनं माझ्या हातातली छत्री घेतली आणि घरापर्यंत माझ्या डोक्यावर धरून चालली. थोरल्या जावेनं माझ्यावर असं काही धरण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मला त्या छत्रीखाली नीट चालता येईना.

दुपारच्या एसटीनं ती गेली. झबलं चिपट्यांच्या म्हातारीला देऊन गेली, जावळ काढलेल्या नातवासाठी. दही-भात आसरांच्या दगडांपाशी ठेवला. खिडकीतून म्हणाली, “पाणी परत हटलं तर येते.” त्या सकाळी काही अंडी गेली. उरलेल्यांतून पिल्लं निघाली आणि ती पावसाच्या आधी उडाली. मृगानंतर धरण भरलं ते असं भरलं, की पार पुन्हा दिसलाच नाही. दर उन्हाळ्यात बेटाचा वरचा माथा तेवढा उघडा पडतो, पाखरं तिथं येतात, शपथ जागच्या जागी आहे. उतरण पाण्यातच राहिली.

अक्का जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. शेवंताबाई गेली, तात्या गेले, लहानूही गेला. फेरी आता नवी पोरं-पोरी नेतात, चांगली नेतात, त्यांना माझ्यापेक्षा जास्त नावं येतात. माझ्यानं पाणकणसातल्या वाटेनं चालवत नाही. बांधापर्यंत मात्र गाडीरस्ता झालाय, तिथवर काठी टेकत जाते. दुर्बीण लागत नाही. समोर नुसतं पाणी असतं, सगळीकडं सारखं, आणि त्यात बघायचं कुठं हे माहीत असलेली आता मी एकटीच आहे.